साडूभाऊंची शाब्बासकी

समोरचा माणूस खोकायला लागला की ज्याचा चेहरा खुलतो, असा गृहस्थ अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आपण निवडत नाही, तो बायकोबरोबर येतोच. पण आमची ओळख लग्नाच्याही आधीची. वर्ध्याला मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांतला शेंगदाणा भलत्या वाटेने गेला आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतलं पाणी शर्टावर ओघळलं. मुलगी समोर ट्रे घेऊन उभी, माझे वडील माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघताहेत, बाकीची मंडळी अवघडून छताकडे पाहताहेत. तेवढ्यात कोपऱ्यातून जाड चष्म्याचे, डोक्यावरून केस मागे हटत चाललेले एक गृहस्थ उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून "शाब्बास" म्हणाले आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे वळून त्यांनी निकाल दिला, "मामाजी, पोरगा एकदम चांगला आहे. फाटक मजबूत आहे त्याचं." सासऱ्यांना काहीएक कळलं नाही. पण थोरला जावई डॉक्टर, त्याच्या शब्दाला वजन. माझं लग्न पत्रिकेवर नव्हे तर ठसक्यावर जमलं, असं बायको आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पुढे मी भिलाईच्या कारखान्यात स्टोअर्सचा कारकून म्हणून लागलो. साडूभाऊ तिथल्याच दवाखान्यात डॉक्टर होते आणि आमचं क्वार्टर त्यांच्या पाठीला पाठ लावून होतं. कारखाना अजून उभा राहत होता. सेक्टरांत घरं आधी झाली आणि रस्ते मागाहून आले, त्यामुळे भांड्यांत, अंथरुणांत आणि नाकातोंडात सगळीकडे लाल धूळ. गावच्या गाव खोकत होतं आणि शिंकत होतं. आम्ही वैतागलो होतो. साडूभाऊंना मात्र सासरी आल्यासारखं वाटत होतं. बाजारात कोणी खोकला की ते भाजीची पिशवी खाली ठेवून ऐकत उभे राहत आणि शेवटी शाब्बासकी देत. कोणी लाजून रुमाल तोंडाला लावला की त्यांना राग येई. "कावून दाबता? गळ्यात दोन वाटा आहेत, एक हवेची, एक जेवणाची. मधात फाटक. आन् मानेच्या मागं, मेंदूच्या बुडाशी चौकीदार बसून राहिला. तिन्ही शिफ्टा एकटाच करते. तुम्ही झोपता, तो झोपत नाही. काही भलतं आत शिरलं की तुम्हाले न विचारता धक्के मारून बाहेर काढते. आन् त्याचंच तोंड दाबता तुम्ही."

या चौकीदारावर त्यांचा इतका जीव होता की पत्ते खेळताना त्यांचं लक्ष पानांवर कमी आणि आमच्या छात्यांवर जास्त असे. "साडूभाऊ, श्वास कसा लयीत चालला तुमचा," ते कौतुकाने म्हणत आणि त्या क्षणापासून माझी लय बिघडे. आता घ्यायचा की सोडायचा हेच कळेना. आपण लक्ष दिलं की कारभार आपल्याकडे येतो आणि आपल्याला तो जमत नाही, हे सिद्ध झालेलं पाहून ते खूश होत आणि म्हणत, "बरं, आता विसरा." विसरा म्हटल्यावर कोण विसरतं? मी हातातला एक्का कितीदा तरी असाच घालवला आहे.

आमच्या रांगेत एक फोरमन राहत. बायकोशी भांडण झालं की ते पलंगावर ताठ आडवे होत, नाक-तोंड मिटून घेत आणि श्वास कोंडून जीव देण्याची धमकी देत. बायको घाबरून माघार घेई. एकदा तिने साडूभाऊंना बोलावलं. ते आले, स्टूल ओढून समोर बसले आणि चहा मागवला. "होऊ द्या," म्हणाले, "मी पाहून राहिलो." फोरमनचा चेहरा लाल झाला, मग जांभळा, आणि चहा येण्याच्या आतच भाता फुटल्यासारखा त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला. साडूभाऊंनी त्यांचा हात हातात घेतला. "तुमची सही चालत नाही तिथं. रक्तात घाण हवा साचली की चौकीदार स्वतःच दार उघडते." त्या घरातलं भांडण मिटलं असं नाही, पण फोरमननी तो उपाय सोडला.

घरात त्यांना पुरून उरणारी एकच व्यक्ती होती, त्यांची आई. दुर्ग स्टेशनला निघताना कोणी शिंकलं की म्हातारी सगळ्यांना सामानासकट खाली बसवी. साडूभाऊ शिंकेचं शास्त्र सांगू लागत. ती ऐकून घेई आणि म्हणे, "झालं सांगून? आता बस, पानी पे, मंग निंघ." डॉक्टर निमूट बसत. यात आमची एक पॅसेंजर सुटलीसुद्धा. आईचा जीव चहात होता. गूळ घातलेला, बशीत ओतलेला, फुर्र आवाज करून प्यायलेला चहा. त्या आवाजाने आम्हाला भिंतीपलीकडे सकाळ झाल्याचं कळायचं.

साडूभाऊ भट्टीवरच्या नव्या कामगारांना गॅसबद्दल शिकवत. हातवारे करून ते हिंदीत सांगत, "जो गॅस खाँसी लाती है, वो शरीफ है. दरवाज़ा बजाके आती है. जो खाँसी नहीं लाती, उससे डरना." कामगार हसत. ते स्वतः मात्र हे वाक्य कधी हसून बोलले नाहीत.

त्याचा अर्थ मला एका उन्हाळ्यात कळला. आईला अर्धांगाचा झटका आला. एक हात गेला, तोंड वाकडं झालं, पण बोलणं जड का होईना शाबूत होतं आणि पहिली मागणी चहाची. साडूभाऊंनी चमचाभर पाणी तिच्या जिभेवर सोडलं. आईने गिळलं. ठसका नाही, काही नाही. आम्ही सगळे सुटकेचा श्वास सोडत म्हणालो, गेलं बाई सुखरूप. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. "बोल आई," ते म्हणाले. आई बोलली तेव्हा आवाज पाण्यातून आल्यासारखा बुडबुडत होता. पाणी हवेच्या वाटेने गेलं होतं आणि चौकीदाराने हूं की चूं केलं नव्हतं.

त्या दिवसापासून आईचं तोंडाने खाणं-पिणं बंद. नाकातून नळी घालून दूध आणि पेज. चहाचा एक घोट छातीत उतरला तर आई हातची जाईल, हे साडूभाऊंना दिसत होतं; आणि आईला दिसत होतं की पोटचा पोरगा चहासुद्धा देत नाही. "उपाशी मारून राहिला मले," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. शेजारणी म्हणत, घोटभर द्या हो, म्हातारीचा जीव तळमळतो. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पदर डोळ्याला लावी. पुढे तर आईने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ते दवाखान्यातून येत, खाटेशेजारी बसत, भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीकडे बघत राहत आणि ऐकत. बाजारात ऐकत तसेच. फक्त इथे काही ऐकू येत नव्हतं.

एका दुपारी धुळीचं वादळ उठलं म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. माझी बायको बहिणीच्या मदतीला गेली होती. आजाऱ्याच्या घरातलं अळणी जेवण पाहून तिला कणव आली आणि तिने ठेच्यासाठी ओंजळभर हिरव्या मिरच्या तापल्या तेलात टाकल्या. बंद घरात तो धूर असा कोंडला की ताई खोकत अंगणात, बायको तिच्यामागे, मी भिंतीला धरून वाकलेला. साडूभाऊ तेवढे खाटेपाशी होते, तेही डोळे पुसत आणि खोकत. तेवढ्यात त्या खोकल्यांत एक निराळा खोकला आला. बारीक, कोरडा, जुनं बिजागर करकरावं तसा. मग दुसरा. मग आईला चांगला दणदणीत ठसका लागला आणि शेवटी कित्येक दिवसांनी तिने लेकाकडे तोंड फिरवून विचारलं, "कोन मेल्यानं मिरच्या जाळल्या?"

चौकीदार जागा झाला होता. साडूभाऊ तिचा हात धरून नुसते बसून राहिले.

पुढे त्यांनी घाई केली नाही. आधी पेज चाटवली, मग दाट खीर, दर घासाला "बोल आई" चालूच. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून फुर्र असा आवाज आला. आम्ही दोघं धावत गेलो. आई टेकून बसली होती आणि साडूभाऊ तिच्या ओठांशी बशी धरून होते. बशी संपवून ती म्हणाली, "साऱ्या दुनियेच्या खोकल्याले शाब्बास म्हनतं. माह्याले कावून नाही म्हनलं?"

साडूभाऊंनी बशी खाली ठेवली. "म्हनत होतो, आई. माह्याच गळ्यातून आवाज निंघत नव्हता."

आईने त्यानंतरही बरीच वर्षं चहा प्यायला. आता ती नाही, साडूभाऊही नाहीत. मी निवृत्त होऊन इथेच, भिलाईलगतच्या रिसालीत घर बांधलं. त्यांची इतकी आठवण येते, की रस्त्यात कोणी खोकलं तरी माझे पाय थांबतात. परवा चहा पिताना मला ठसका लागला. सून पाणी घेऊन धावली, मुलाने पाठ चोळली, सगळ्यांनी हळू पिण्याचा उपदेश केला. मी मात्र डोळे पुसत दाराकडे बघत होतो. सगळे पांगल्यावर बायकोने माझ्या हातातला कप घेतला आणि हळूच म्हणाली, "मजबूत आहे हो फाटक अजून."