पिठाचं कोण बघणार?

कॉलेजच्या मागच्या गेटसमोर पिझ्झाचं एक दुकान आहे. आठ टेबलं, त्यांतली दोन डुगडुगणारी, आणि पंख्याखालच्या जागेवरून रोज भांडणं. गेली चौदा वर्षं मी दुपारचं तिथेच जेवतो. कॉलेजच्या परीक्षा विभागात मी कारकून आहे, एकटा राहतो, आणि स्वस्तात पोट भरेल अशी दुसरी जागा या रस्त्यावर नाही. खरं सांगायचं तर चीज तिथे औषधाला घातल्यासारखं घालतात, आणि सॉस कुठेही मिळतो तसाच. पण बेस! बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. पोरं कडासुद्धा टाकत नाहीत.

ते पीठ वहिनींच्या हातचं. वहिनी म्हणजे मालकांची बायको. पोरं त्यांना वहिनी म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, मीही म्हणतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, कोपरापर्यंत पीठ आणि जीभ तिखट. "वहिनी, अजून किती वेळ?" असं कुणी विचारलं की म्हणतात, "तुझ्या पदवीच्या आधी नक्की मिळेल."

पदवीचा विषय त्यांच्या तोंडी वारंवार यायचा, त्याला कारण होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, नेमकं समोरच्याच कॉलेजात. 'पुढच्या वर्षी देईन' म्हणाल्या आणि ते राहूनच गेलं. सासूबाई कडक. घरात सुनेला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. दुकानात तेव्हा तयार बेस बाहेरून यायचे, पुठ्ठ्यासारखे. वहिनींनी चार महिने पीठ नासवून नासवून आपलं आपण शोधून काढलं: पाणी किती कोमट, मीठ कधी, कुठे हात थांबवायचा. आणि कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांकडे पाठ करून मळायच्या. सासूबाई खांद्यावरून डोकवायच्या, तर वहिनींची अळीमिळी गुपचिळी. दुकान चालायला लागलं तसं घरात त्यांना विचारून भाजी यायला लागली.

"तेव्हा वाटलं, जिंकले," त्या एकदा मला म्हणाल्या. "आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला हो."

कारण ते पीठ नऊ वाजता मळायचं, दर अर्ध्या तासानं हात लावून बघायचं, साडेअकराला गोळे करायचे, आणि बारा वाजता पोरांची झुंड येते. म्हणजे तेवीस वर्षांत एकही सकाळ वहिनींची नाही. एकदा त्यांना सणकून ताप आला, तेव्हा मालकांनी दोन दिवस दारावर पाटी लावली होती, 'तांत्रिक कारणास्तव बंद'. बऱ्या झाल्यावर वहिनींनी ती पाटी वाचली आणि मला विचारलं, "मी तांत्रिक का हो?" आम्ही दोघं हसलो. नंतर मला ते हसणं आवडलं नाही.

यंदा विद्यापीठाचं पत्रक आलं. जुन्या अर्धवट राहिलेल्यांना शेवटची संधी, त्यानंतर फाइल बंद. वहिनींचे तीन पेपर, तिन्ही सकाळी दहा ते एक. अर्ज मीच आणून दिला, मीच भरून घेतला. मालकांनीही अडवलं नाही. वाईट माणूस नाही तो, म्हणूनच जास्त राग येतो. म्हणाले, "दे की परीक्षा. मी कुठे नको म्हणतोय? परीक्षेच्या गर्दीत दुकान तेवढं बंद नको. फक्त पिठाचं बघ."

पिठाचं बघायला घरात एकच माणूस होतं, धाकटी जाऊ. दुकानात सगळे तिला धाकटीच म्हणतात. वहिनींनी तेवीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. महिनाभर रोज दुपारी तिला शेजारी उभं करून मळायला शिकवलं. पण धाकटीचं पीठ काही ऐकेना. आज चपलेसारखं, उद्या रबर. चाखायला मी होतोच, माझ्या दोन दाढा त्यात कामी आल्या. वहिनी तिला एक शब्द बोलल्या नाहीत. "माझंच चुकतंय, मला नीट सांगता येत नाही," म्हणायच्या आणि रात्री पुस्तक घेऊन बसायच्या.

परीक्षेला चार दिवस उरले होते. ऑफिस दुपारीच सुटलं, म्हणून मी वहिनींचं हॉल तिकीट घेऊन दुकानात गेलो. वहिनी त्यावर लावायचा फोटो काढायला गेल्या होत्या, मालक आत झोपलेले. धाकटी एका टेबलाशी बसून स्वतःपुरता छोटा पिझ्झा खात होती. मला बघून गडबडली, पण अर्धा माझ्यापुढे सरकवला. मी एक घास घेतला.

"वहिनींनी करून ठेवलेला दिसतोय," मी म्हणालो.

तिच्या नखांत ओलं पीठ होतं.

"म्हणजे तुला जमतं?"

"दुसऱ्याच दिवशी जमलं, काका." तिचे डोळे भरले. "ह्यांना दुसऱ्या गावी नोकरी लागतेय. दोन महिन्यांत जायचंय आम्हाला. मला पीठ येतं हे कळलं तर थोरले दादा सोडतील? ताईंकडे बघा ना. त्या सुटल्या तर मी अडकते."

इकडे आड, तिकडे विहीर. मला धाकटीचा संताप आला, आणि तिचं पटलंही. तेवढ्यात वहिनी आल्या. ताटलीत तुकडा उरला होता, तो त्यांनी सहज उचलून तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या. धाकटीकडे बघितलं, मग तिच्या नखांकडे.

धाकटी उभी राहिली.

"हात धू आधी," वहिनी म्हणाल्या. "आणि असलं घरात कुणाला चाखायला देऊ नकोस."

मालक जांभया देत बाहेर आले. "काय, जमलं का धाकटीला?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तिच्या हाताला ते नाही जमायचं."

पहिल्या पेपरच्या दिवशी हजेरीचं काम मी मागून घेतलं. साडेदहापर्यंत उशिरा आलेल्याला आत घेता येतं. मी घड्याळ बघत दारात उभा राहिलो, दहा एकेचाळीसपर्यंत थांबलो. पर्यवेक्षक माझ्यावर डाफरले. मग वहिनींच्या नंबरासमोर 'गैरहजर' लिहिलं. चौदा वर्षांत हजारो वेळा लिहिलेला शब्द.

दीड वाजता मी दुकानात गेलो. गर्दी होती. वहिनींनी माझी ताटली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "पेपर आणलाय का?"

प्रश्नपत्रिका मी खिशात घालून नेली होती. हात ॲप्रनला पुसून त्यांनी ती उघडली आणि उभ्या उभ्या, ओठ हलवत, पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत वाचली. मग नीट घडी करून मला परत दिली.

"सगळे येत होते हो," त्या म्हणाल्या, आणि पंख्याखालच्या पोरांची ऑर्डर घ्यायला वळल्या.