मन घरी ठेवून येणारी

सरक वं पोरी, मोबाइलजवळ सरक, अन् आधी माझी बोलणी खा. तुझ्या हाँगकाँगच्या साहेबानं तुले एक चिनी म्हण ऐकवली म्हणून कोणी नोकरी सोडाले निघते का? 'भिक्षू आहोत तोवर घंटा बडवायची.' म्हणजे तू नुसत्या पाट्या टाकते, असंच म्हणाला ना तो?

मले तं एक बाई आठवली. मी दरवर्षी कळमन्याच्या बाजारात भिवापुरी मिरची घ्याले जाते, तिथं ती पोतं अंथरून मिरचीचे देठ खुडत बसलेली राहते. नाव मी कधी विचारलं नाही. बोटं चालू, नजर मात्र दूर रस्त्यावर. हातातल्या मिरचीकडं पाहतसुद्धा नाही. मधूनच एखादा देठ तसाच राहून जाते, तरी ती मिरची बिनधास्त ढिगात टाकते.

मी एकदा रागावली. "काहून वं, मन कुठं आहे तुझं?"

ती हसली. "मन घरी ठेवून येते, आजी. इथं आणलं तं तेही तिखट होईन. मंग संध्याकाळी लेकरायले काय देऊ?"

हा कामचुकारपणा का शहाणपणा, मले आजवर उमगलं नाही. घरी राहिलेले देठ खुडताना मी तिच्यावर चिडते, अन् पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याचकडं जाते. मग तुझा साहेब खरा का तू खरी, हे मी कसं सांगू?

तू तुझं मन कुठं ठेवलं, तेवढं सांग. कुठंच न ठेवता रोज कामावरच नेत असशील, तं मले भेव वाटते. राजीनामा देऊन ये, नाही तं रजा टाकून ये, पण लवकर घरी ये वं.