नावाड्यांचं गाणं

अमेरिकेत घरकर्ज कुणालाही मिळायचं, त्या दिवसांतली ही गोष्ट. पार्सिपनीत आमच्या शेजारच्या बंगाली मुलाचे वडील सहा महिन्यांसाठी राहायला आले होते. कलकत्त्याच्या सिनेमांसाठी त्यांनी उभा जन्म गाणी लिहिली. मुलगा कॉम्प्युटरवाला. तो पाहुण्यांना सांगायचा, "बाबा रायटिंगमध्ये होते." घरातला एखादा वाईट रोग लपवावा, तसं. मी त्यांना काका म्हणायची. ते चहाला आमच्याकडे यायचे, कारण मुलाकडे टी-बॅग बुडवायची पद्धत.

मी एकदा भाबडेपणानं विचारलं, प्रेरणा कशी येते? काका खो खो हसले. चाल आधी व्हायची म्हणे. संगीतकार पेटीवर ता-ना-ना करायचा आणि तबलजीचं पान चघळून होईपर्यंत शब्द तयार लागायचे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं नावाड्याचं गाणं असंच एका दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत झालं. होडीत ते जन्मात बसले नव्हते. हलतं पाणी बघूनच त्यांना मळमळायचं. सिनेमा आठवड्यात उतरला, गाणं मात्र घरोघर गेलं.

हे गाणं बाबांचं आहे, हे मुलाला ठाऊक नव्हतं. तो आजोळी वाढला. आजोबा हेडमास्तर, घरात सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून आई निजवताना तेच गाणं नदीकाठचं जुनं गाणं म्हणून गायची. आता ती माउली गेली होती. काकांची एकच हौस उरली होती: कुणीतरी परक्यानं, माइकवरून, मुलाच्या देखत सांगावं की हे गाणं यांनी लिहिलंय. मुलाला स्वतःच्या तोंडानं सांगायची त्यांना लाज वाटायची.

दुर्गापूजेला शाळेच्या हॉलमध्ये गाण्यांचा कार्यक्रम ठरला. त्यात हे गाणं आहे असं कळल्यावर काकांनी निवेदकाला गाठून आपलं नाव सांगून ठेवलं, धोतराला कडक इस्त्री केली आणि मुलासोबत मलाही ओढून नेलं.

तो निवेदक ऐकून मला आमच्या मराठी मंडळातले बरे वाटायला लागले. प्रत्येक गाण्याला गायक, संगीतकार, पडद्यावरची नटी, शिवाय घरकर्जवाला स्पॉन्सर. गीतकाराचं नाव नाही. शब्द बहुधा झाडाला लागतात. आमच्याकडे तरी कुठे घेतात? बटाटेवडे कुणी दिले, हे मात्र आम्ही न चुकता सांगतो.

मग ते गाणं आलं. निवेदकानं भक्तिभावानं डोळे मिटले. "पिढ्यान् पिढ्या नावाड्यांच्या घामातून आलेलं हे लोकगीत! कवी अज्ञात! दिस इज अवर सॉइल, फ्रेंड्स!"

काका धोतराची इस्त्री तळहातानं सारखी करत राहिले. माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडणार, तेवढ्यात त्यांच्या पलीकडे बसलेला मुलगा त्यांच्यावरून वाकून मला म्हणाला, "आंटी, लिसन टु धिस. मेरी माँ गाती थी. ये असली पोएट्री है, बाबा के फिल्मी स्टफ जैसा नहीं." आणि डोळे पुसत मोठमोठ्यानं गायला लागला. शब्द न् शब्द पाठ.

त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं मला वाटलं. "अरे गाढवा," मी सुरुवात केली, तर काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गाने दो उसको," ते हळूच म्हणाले. "हामारा है बोलेगा, तो बंद कर देगा."