उठत्या बाजाराची वाट

लॉकडाऊन लागला तेव्हा मी पुण्याहून गावी आलो, तो एक लॅपटॉप आणि अर्ध्या पगाराची बातमी घेऊन. ऑफिसनं घरून काम करायला सांगितलं होतं, काम मात्र पाठवत नव्हते. माझं लग्न मोडून दोन वर्षं झाली होती. आई त्याच्याही आधी गेली होती. त्यामुळे नगरकडच्या घोडेगावजवळच्या आमच्या घरात वडील, मी आणि एक म्हैस एवढंच खटलं उरलं होतं, आणि त्यात नेमानं काही देणारी फक्त म्हैस होती.

वडिलांना मी तात्या म्हणायचो. ते जनावरांचे व्यापारी. दर आठवड्याच्या बाजारात म्हशी घ्यायच्या, महिना-दोन महिने खाऊपिऊ घालायच्या आणि पुन्हा त्याच बाजारात विकायच्या, यावर त्यांनी माझं कॉलेज केलं आणि घरावर स्लॅब टाकला. आता बाजार बंद होता. एरवी माणसाजनावरांनी फुललेलं ते मैदान इतकं रिकामं पडलं, की मध्येच कुत्रं भुंकलं तरी आपल्यावरच भुंकल्यासारखं वाटायचं. तात्यांचं बाजाराचं भांडवल बँकेत पडून होतं आणि तात्या ओट्यावर.

माझ्या अंगात मात्र त्या दिवसांत, खरं सांगायचं तर, वारं शिरलं होतं. शेअर बाजार कोसळला होता. रोज सकाळी मोबाईल उघडला की सगळीकडे लाल. वर्षानुवर्षं नावाजलेल्या कंपन्या निम्म्या भावात. मी दिवसभर बसून त्यांच्यातून निवड करायचो: हिच्यावर कर्ज नाही, हिचा माल लोक लॉकडाऊनमध्येही घेणारच, ही उगाच बाकीच्यांबरोबर पडली आहे. अशी संधी आयुष्यात एकदाच येते असं जो तो सांगत होता. माझ्यापाशी संधी होती, पैसे नव्हते. नोकरी जाणार हे दिसत होतं. तात्यांचं भांडवल त्या महिन्यात हाती आलं असतं तर मी पुन्हा उभा राहिलो असतो, असं मला वाटत होतं. यापलीकडे मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. म्हटलं, "तात्या, तुम्ही दुष्काळात काय केलंत? वैरण नाही म्हणून लोक हाडं निघालेल्या म्हशी विकत होते, त्या तुम्ही घेतल्या. पाऊस झाल्यावर त्याच दुप्पट भावाला गेल्या. हे तेच आहे."

त्यांनी मोबाईल हातात घेऊन ते लाल आकडे बघितले. मग म्हणाले, "इकतंय कोन ह्ये?"

"म्हणजे?"

"कोनीतरी इकतंय म्हनून तू घेनार ना? मग त्यो कोन हाय? आन् का इकतोय?"

मी म्हटलं, ते कळत नाही. मुंबईचा असेल, परदेशातला असेल, घाबरून विकत असेल. कोण आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?

"मंग भाव कसा करायचा?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

याचं कारण त्यांच्या बाजारात होतं. तिथे भाव तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाआड बोटं दाबून बोलणी होतात. जितकी बोटं तितका भाव. भोवतीच्या माणसांना फक्त दोघांची तोंडं दिसतात. भाव पटला नाही तर हात काढून घ्यायचा, की सौदा मोडला. पण हात धरायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो: का विकताय? वैरण नाही, दावणीला जागा नाही, पोरीचं लग्न आहे. उत्तर बहुतेक खोटं असतं, पण ते कसं सांगितलं जातं यावरून माणूस किती अडलाय ते व्यापाऱ्याला कळतं, आणि तो किती बोटं खाली येईल तेही. तात्यांची सगळी विद्या त्या एका प्रश्नात होती. माझ्या मोबाईलला तो विचारायची सोय नव्हती.

तरी ते हळूहळू ओढले गेले, कारण रिकामे हात त्यांना सोसत नव्हते. सकाळी दूध काढून झालं की माझ्याशेजारी येऊन बसायचे. नावं मी वाचायचो, भाव ते विचारायचे. एक दिवस म्हणाले, "ह्यो बाजार उठतो कधी?"

"साडेतीनला."

"उठताना भाव पडतो?"

मी म्हणालो, कधी कधी पडतो. हे माझ्या तोंडून गेलं नसतं तर बरं झालं असतं.

जनावरांच्या बाजारात सगळी स्वस्ताई उठत्या बाजारात असते. लांबून, काष्टीकडून वगैरे, जनावर घेऊन आलेला माणूस दिवसभर भाव धरून बसतो. ऊन उतरलं की टेम्पोवाला घाई करू लागतो. परत न्यायचं तर पुन्हा भाडं, पुन्हा वैरण, आणि घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. तेव्हा तो मऊ होतो. तात्या आयुष्यभर त्या घडीची वाट बघत आले होते. आता त्यांनी शेअरचाही एक भाव मनात धरला, चालू भावाच्या बराच खाली, आणि म्हणाले, "थांब. उठताना येईल खाली."

आम्ही थांबलो. साडेतीन वाजले, भाव खाली आला नाही. दुसऱ्या दिवशी थोडा वरच उघडला. तात्या म्हणाले, आज येईल. मी त्यांना सांगितलं, शेअरला वैरण लागत नाही, त्याला कोणी टेम्पोत घालून परत नेत नाही, विकणारा उद्यापर्यंत आरामात थांबू शकतो. ते मान डोलवायचे, पटल्यासारखं करायचे आणि दुपारी पुन्हा म्हणायचे, "जरा दम धर." असे कित्येक आठवडे गेले. मी निवडलेली एकेक कंपनी हिरवी होत वर चालली होती आणि आम्ही बापलेक ओट्यावर बसून ती परत फिरेल म्हणून वाट बघत होतो. पासबुक त्यांच्या कपाटात, सही त्यांची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या दिवसांत मी त्यांच्याशी जेवतानासुद्धा नीट बोलत नव्हतो.

त्याच सुमारास एक दिवस सोनईच्या बाजूचा एक माणूस म्हैस घेऊन दारात आला. टेम्पो बंद होते, म्हणून चालवत आणली होती. तोंडाला गमछा, पाय धुळीनं भरलेले. म्हैस मात्र पहिल्या दर्जाची होती, एवढं मलाही कळलं. दुसऱ्या वेताची, कास भरलेली. तात्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दात बघितले. मग खांद्यावरचा रुमाल काढून हात पुढे केला. साथीच्या भीतीनं लोक एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते, पण त्या माणसानं मुकाट हात दिला.

"का इकताय?" तात्यांनी विचारलं.

तो म्हणाला, "घरची मालकीण नगरला दवाखान्यात हाय. काल श्वासाचं मशीन लावलंय."

रुमाल हलला नाही. मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तो माणूस कोणत्याही भावाला तयार होता, हे ओट्यावरून मलासुद्धा दिसत होतं. जरा वेळानं तात्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "माघारी घेऊन जा, पावणं. मला जमायचं न्हाई."

त्यानं गमछा तोंडावर नीट ओढला. मग म्हशीला वळवून रस्त्याला लागला, घराच्या दिशेनं नाही, पुढच्या गावाकडे.

माझा इतक्या दिवसांचा राग तेव्हा बाहेर पडला. म्हटलं, त्याला पैसे हवे होते तात्या, तुमची दया नको होती. आता तो पुढे कोणालातरी मातीमोलानं देईल. तुम्ही घेतली असती तर निदान चार पैसे जास्त दिले असतेत.

"पुरा भाव दिऊन घ्यावी, तर बाजार बंद, खपवू कुटं?" ते म्हणाले. "आन् कमी द्यावं, तर त्यानं खरं सांगितलं. खरं सांगितल्यावर बोट उतरवता येत न्हाई मला." मग म्हणाले, "तू दुष्काळाचं बोलतोस. त्या टायमाला उतरवली हुती. त्या मान्सांची तोंडं अजून दिसत्यात."

मला त्यांचं पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. त्यांनी स्वतःचा हात स्वच्छ ठेवला आणि त्या माणसाच्या हातात काही पडलं नाही. त्यानंतर मी कंपन्यांची नावं वाचून दाखवणं बंद केलं. भाव असे चढले होते, की त्यांना स्वस्त म्हणायची सोय राहिली नव्हती.

माझी नोकरी गेली. बाजार मध्ये उघडला, तात्यांनी दोन-चार म्हशी घेतल्या-विकल्या, पुन्हा बंद झाला. दुसऱ्या लाटेत ते आजारी पडले. नगरमध्ये बेड मिळेपर्यंत मी किती दवाखान्यांच्या दारात उभा राहिलो ते आठवायची इच्छा नाही. पासबुक त्यांनी स्वतःच काढून दिलं होतं. वर्षभर मी ज्या भांडवलासाठी तडफडलो, ते आता न मागता माझ्या हातात होतं, आणि एकेक बिलाबरोबर संपत होतं. एका संध्याकाळी मला प्लास्टिकचा झगा घालून आत सोडलं. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी चादरीखाली त्यांचा हात धरला. वाटलं, काहीतरी दाबून सांगतील. बोटं नुसती गरम होती. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

दहावं-तेरावं झालं. मी सवयीनं मोबाईल उघडला आणि तेव्हा घेतलं असतं तर आज किती झालं असतं याचा हिशेब मांडला. आकडा मोठा होता. मग मनात आलं, तेवढे असते तर तेवढेही गेले असते, आणि शेवट हाच झाला असता. हा विचार दिलासा द्यावा म्हणून केला होता. त्यानं काही दिलासा मिळाला नाही.

पुण्यात एक किरकोळ काम मिळालं. म्हैस विकणं भाग होतं. बाजार पुन्हा सुरू झाला होता, म्हणून शेजाऱ्याचा टेम्पो केला आणि तिला घेऊन गेलो. सकाळपासून तिला धरून उभा होतो. तात्यांच्या ओळखीचे दोघे-तिघे येऊन, हळहळून गेले, पण हात कोणी पुढे केला नाही. माझा भाव त्यांना जास्त वाटला असावा. ऊन उतरलं. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. म्हैस सारखी मान वळवून मागे बघत होती, आणि कोणाला शोधत होती ते मला माहीत होतं.

तेव्हा एक व्यापारी आला. तात्यांच्याच वयाचा, अनोळखी, नीटनेटका. त्यानं एक फेरी मारली, दात बघितले, रुमाल काढला. मी हात दिला. रुमालाआड त्यानं बोटं धरली. भाव वाईट नव्हता, माझ्या भावाच्या जवळपासच होता.

मग त्यानं विचारलं, "का इकताय?"

वैरण नाही म्हणायचं, जागा नाही म्हणायचं, सगळी खोटी उत्तरं मला पाठ होती. मी म्हणालो, "वडील करायचे हिचं. ते गेले. घरात आता कोणी नाही."

"अरारा," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. मी त्यानं हात काढून घ्यायची वाट बघत राहिलो. त्यानं हात काढला नाही. एक बोट तेवढं सोडलं.

मागे टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला. मी पण हात काढला नाही.