हेझलचा पराग आणि आईचा दम

पीएचडी मिळाली तेव्हा वडूजजवळच्या आमच्या गावात पेढे वाटले, आणि पेढ्यांबरोबर एक शब्दही घरोघर गेला. डॉक्टर. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या शब्दाला मी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर तो मला आवडला होता. एवढी वर्षं घासल्यावर कोण सोडील?

माझा विषय हेझल. चॉकलेटात ज्याची फळं घालतात ते झाड. आमच्या माळावर ते जगणार नाही. त्याची एक जात हिमालयात वाढते, आणि कूळ बघितलं तर ते भूर्जपत्राच्या झाडाचं भाऊबंद. त्याचे परागकण तळ्याच्या गाळात हजारो वर्षं टिकतात. ते कण बघून हे झाड कुठून कुठं सरकलं, कुणापासून फुटलं, याचा माग आम्ही काढत बसतो. सांगलीच्या कॉलेजात शिकवून उरलेला माझा वेळ त्यातच जातो.

एकदा आईला प्रयोगशाळेत आणलं. तिनं एक डोळा हातानं दाबून धरला आणि दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला. तिकोनी कण, तिन्ही कोपऱ्यांना भोकं. बराच वेळ बघून तिनं विचारलं, हे कशावरचं औषध? मी म्हणाले, औषध नव्हे, झाडाचा धुरळा आहे, असल्या धुरळ्यानं काही माणसांना दम लागतो. तिनं मान हलवली. गावी जाऊन तिनं माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, की आक्का दम्याचं बघती. त्यानं हसत हसत मला फोनवर सांगितलं. मीही हसले. आईला पुन्हा नीट समजावून सांगायचं मात्र राहिलं.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर तिचा फोन आला. माळ चढताना दम लागतोय म्हणाली. मेंढरं म्होरं जात्यात आन् मी मागं ऱ्हातीया. मी तेव्हा स्लाइडवरचे कण मोजत होते, नजर काढवत नव्हती. बांधावर गाजरगवत फुललंय का, विचारलं. लय माजलंय, ती म्हणाली. मग त्याच्याच परागानं होतंय, तोंडाला ओलं फडकं बांधत जा, असं मी सांगितलं. फोन ठेवल्यावर आपलं शिकलेलं एकदा तरी आईच्या उपयोगाला आलं, असं वाटलं. दवाखान्यात जाऊन ये, एवढे साधे शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत.

भाऊ तिला दोनदा मिरजेला न्यायला निघाला. दोन्ही वेळा तिनं त्याला उडवून लावलं. घरात डॉक्टर असताना परक्यापुढं कशाला जाऊ, लेकीनं सांगितलंय की धुरळ्यानं हाय म्हणून. दिवाळी गेली, थंडी पडली, गाजरगवत वाळून कोळ झालं. दम वाढतच गेला. तरी ती फडकं बांधूनच हिंडायची, आणि मी फोन केला की बरं हाय म्हणायची. पुढं पाय सुजले, पायात चप्पल शिरेना. तेव्हा भावानं मला न विचारता तिला गाडीत घातलं. मिरजेला पोचल्यावर मग फोन केला.

"ये. पण आता गवताचं नाव काढू नगं," एवढंच म्हणाला.

हृदयाची झडप अरुंद झाली होती, फुप्फुसात पाणी भरलं होतं. खाटेशी एक तरुण डॉक्टर मुलगी उभी होती. आईनं तोंडावरचा मास्क बाजूला सारला.

"हिला इचारा की. माझी लेक डॉक्टर हाय."

ती मुलगी एकदम अदबीनं वळली. "मॅडम, तुमची प्रॅक्टिस कुठं असते?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणाले, मी वनस्पतीशास्त्रातली डॉक्टर, झाडांची. मग आईकडं वळले. "आई, माणसांचं मला काय कळत न्हाई. तुझं दुखणं मला कळलं न्हाई."

आई त्या मुलीला म्हणाली, "व्हय, झाडांचं बी कुणीतरी बघाय पायजेच की."

तिनं माझीच बाजू घेतली होती. मला तिथं उभं राहवेना.

ऑपरेशन करायचं तर अंगात ताकद हवी, आणि ती उरली नव्हती. आठ दिवस मी तिच्याजवळ बसून होते. एका दुपारी तिनं विचारलं, त्या झाडाचं तू बघतीस तरी काय? मी सांगितलं. थंडी सरता सरता, पानं फुटायच्या आधीच हे झाड फुलतं. वाऱ्यानं पराग येऊन मादीफुलावर पडतो. पण आत बीज धरायची तयारीच झालेली नसते. मग तो पराग थोडा आत उतरतो आणि कित्येक महिने तसाच थांबतो.

"मरत न्हाई?"

"न्हाई."

"लय दम हाय की त्याला," ती म्हणाली आणि तिला खोकला आला. पुढं तिनं काही विचारलं नाही. दोन दिवसांनी सकाळी ती गेली.

दहाव्यानंतर मी सांगलीला परत निघाले. एस.टी. यायची होती. भाऊ माझी पिशवी धरून फाट्यावर उभा होता. मीच विषय काढला. म्हणाले, तिनं तुझं ऐकायला पाहिजे होतं.

"तिचं काय चुकलं न्हाई, आक्का. तू दवाखान्यात जा म्हणली असतीस तर चालत गेली असती. ती तुझंच ऐकायची."

त्यानं हे रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं.