गाडी भरेपर्यंत

२००६च्या सुमाराला आम्ही दोघं जर्सी सिटीत राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरच्या कामासाठी रोज मॅनहॅटनला जायचा आणि मी अठराव्या मजल्यावरच्या घरात बसून असायचे. लग्नाआधी पुण्यात मी एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये होते. कुठला ट्रक कधी सुटेल, कुणाचा माल कशात बसेल, हे मी ठरवायचे आणि दांडगे ड्रायव्हर निमूट ऐकायचे. इथे मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेली बायको, आणि काम करायला कायद्यानं बंदी. नवरा पैशांवरून कधी चकार शब्द बोलला नाही. पण साध्या चपलासुद्धा 'घेऊ का?' असं विचारून घेताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं अशी गेली.

त्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे कुठल्या ना कुठल्या बेटावर जाऊन येत होते. आमच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपलेली, त्यामुळे देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी वकिलातीची पायरी चढणं आलं. मग मी शोध लावला की प्युर्टो रिको अमेरिकेचंच आहे. तिथे जायला कुणी व्हिसा बघत नाही आणि समुद्र मात्र अस्सल कॅरिबियन. तीन आठवडे लायब्ररीत बसून मी बेत आखला. पहाटेचं स्वस्त विमान, मग एक गाडी, मग दुसरी गाडी, आणि दक्षिण किनाऱ्याच्या टोकाला एक कोळ्यांचं गाव. तिथल्या एका बाईंकडे खोली होती.

"अगं, कार रेंट करू ना," नवरा म्हणाला.

"तीन दिवसांच्या कारच्या भाड्यात दोघांची विमानाची तिकिटं येतात," मी म्हणाले.

"ओके. पण कुठे अडकलो, तर यापुढच्या ट्रिप मी प्लॅन करणार." तो हसत म्हणाला. मला ते चांगलंच झोंबलं. माझ्या ताब्यात तेवढीच एक गोष्ट होती.

निघताना बॅगेत राइस कुकर, मेतकूट आणि दाण्याची चटणी भरली. विमानतळावर दोन अधिकाऱ्यांनी तो कुकर उघडून, वास घेऊन, कसल्याशा कापडानं पुसून पाहिला. नवरा अनोळखी माणसासारखा चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. इतका शूर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिली गाडी छान मिळाली. दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही एका लहानशा शहराच्या चौकात उतरलो. समोरच आमच्या गावाची पाटी लावलेली पांढरी व्हॅन उभी होती आणि आत सहा माणसं बसली होती. मी विजयी नजरेनं नवऱ्याकडे पाहिलं. पाऊण तास झाला तरी गाडी जागची हलेना.

पुढच्या सीटवर मांडीवर टेबलफॅनचं खोकं घेतलेल्या एक मावशी होत्या. त्यांची बरीच वर्षं न्यूयॉर्कात गेलेली, त्यामुळे इंग्रजी येत होतं. त्या म्हणाल्या, "बारा सीट भरल्या की निघेल. नाहीच भरल्या तर माझ्या पुतण्याला बोलावतो, आम्ही सहा जण कसेबसे त्याच्या गाडीत मावतो. आज शनिवार, ही शेवटची गाडी. आता सोमवारी."

सोमवारी संध्याकाळी आमचं परतीचं विमान होतं.

नवरा टॅक्सीवाल्याला विचारून आला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी नकारार्थी मान हलवली. "जाऊ दे यार," नवरा म्हणाला, "परत जाऊ, मोठ्या शहरातच हॉटेल बघू. इट्स ओके." तो समजुतीनं बोलत होता, म्हणून तर आणखी लागलं. माझ्या हातून आता एवढंही होत नाही, असं वाटून डोळे भरून आले.

"गावचं दुसरं कुणी आज बाजारात आलेलंच नाही का?" मी मावशींना विचारलं.

"आलेत की! पण गाडी भरली नाही तर उन्हात येऊन कोण बसेल? ते भरायची वाट बघतायत."

हे ऐकलं आणि मी ताडकन उठले. अहो, हे तर आमचं वडाप! कॉलेजला असताना मी कराडला रोज अशाच, भरल्यावर सुटणाऱ्या जीपनं जायचे. लोक गाडीची वाट बघतात आणि गाडी लोकांची. अशा वेळी कुणीतरी ओरडावं लागतं, एवढंच.

मी चौकाच्या मधोमध उभी राहिले आणि गावाचं नाव घेऊन खच्चून आरोळी ठोकली. तीनदा नाव, मग "चला, चला, चला!" शुद्ध मराठीत. कबुतरं उडाली.

"अगं, काय करतेस? लोक बघतायत!"

"बघू देत. बघितल्याशिवाय येतील कसे?"

मंडईच्या दारातून एक जोडपं हसत हसत आलं. मी त्यांच्या पिशव्या उचलून गाडीत टाकल्या, म्हणजे आता पळता येणार नाही. मग केशकर्तनालयात डोकावले. तिथे एक आजोबा अर्धी दाढी करून बसले होते, त्यांना खुणेनंच 'थांबतो' म्हणून सांगितलं. एक तरुण गादीची गुंडाळी घेऊन दबकत उभा होता, ती आडवी की उभी बसेल हे मी बघताक्षणी सांगितलं आणि टपावर चढवून बांधून घेतली. वीस मिनिटांत गाडी भरली. तीन जणांच्या सीटवर मी चौथा बसवायला निघाले, तेव्हा मात्र ड्रायव्हरनं हात जोडले. अमेरिकेत ते चालत नाही.

तासाभराचा रस्ता होता. आजोबांनी दोन्ही गाल गुळगुळीत करून घेतले होते आणि ते सगळ्यांना माझी आरोळी करून दाखवत होते. मी खिडकीशी बसून पोटभर हसत होते. शेवटच्या वळणावर समुद्र आला, हिरवा, शांत, आणि वाळूत ओढून ठेवलेल्या चार होड्या.

उतरताना प्रत्येकानं ड्रायव्हरच्या हातात भाडं ठेवलं. मी दोघांचे पैसे पुढे केले. त्यानं नवऱ्याचे घेतले, माझे परत माझ्या हातात ठेवले आणि वर आपल्या खिशातले दोन डॉलर दिले. मी गोंधळून मावशींकडे पाहिलं.

"तो म्हणतो, गाडी भरणाऱ्याचा हक्क असतो. पूर्वी त्याच्याकडे एक माणूस होता या कामाला."

"एच-फोरवर हे इल्लीगल आहे हं," नवरा कानाशी म्हणाला. त्याचाही आवाज जरा ओला होता.

मी त्या दोन नोटा मुठीत घट्ट धरल्या. किनाऱ्यावर एक बाई तळलेले मासे विकत होती. मी नवऱ्याला काही न विचारता सरळ तिच्याकडे गेले आणि दोन बोटं दाखवली.