धबधब्यापुढे म्हटलेलं स्तोत्र

ह्यांच्या घशात गाठ निघाली तेव्हा आमचं कतारमधलं, दुखानचं घर एकदम गप्प झालं. दोह्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आणि हे अडून बसले. रोज तिन्हीसांजेला देवापुढे खड्या आवाजात स्तोत्र म्हणणारा माणूस. आमच्याकडच्या गणपतीत जमलेल्या सगळ्यांची आरती ह्यांच्याच आवाजावर चालायची. "आवाज गेला की सगळं खलास. मग देवापुढे काय मुक्यानं बसू?" एवढं बोलून विषय बंद. मी देवावर इतकी चिडले होते की समईत तेल घालतानाही त्याच्याकडे बघत नव्हते.

अशातच ह्यांचं कंपनीचं जपानचं काम आलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन या, पण परत आल्यावर लगेच काय ते ठरवा. मुलीला शेजारणीकडे ठेवून मी हट्टानं बरोबर गेले. काम संपल्यावर तिथल्या एका सहकाऱ्यानं खेड्यातला पवित्र धबधबा बघायला म्हणून आम्हाला बसमध्ये बसवून दिलं. धबधब्याजवळच्या देवळाच्या दारात दगडी कुंड होतं, त्यावर बांबूची पळी. मी सवयीनं पळीतलं पाणी तळहातावर घेतलं, तीर्थ म्हणून प्यायले, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि ह्यांनाही दिलं. झाडलोट करणारी एक आजी लगबगीनं आली आणि हात धुऊन, चूळ भरून दाखवायला लागली. ते पाणी त्यासाठी होतं! मी शरमेनं अर्धी झाले.

आजीला मात्र हसू आवरेना. आम्हाला खुणेनं बोलावत ती मागच्या पायवाटेनं थेट धबधब्याच्या पायथ्याशी घेऊन गेली. तिथल्या खडकातून झरणारं पाणी तिनं प्यायला म्हणून आमच्या ओंजळीत घातलं. मग धबधब्याकडे तोंड करून, हात जोडून ती काहीतरी म्हणू लागली. ओठ हलत होते, पण त्या गर्जनेत एक अक्षर ऐकू येत नव्हतं. हे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग बूट काढून ह्यांनीही हात जोडले. स्तोत्रच म्हणत असावेत; मलाही नुसते ओठच दिसत होते. कितीतरी दिवसांनी माझा जीव शांत झाला.

खाली उतरताना हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तरी म्हटल्याचं समाधान झालं. करून टाकू ऑपरेशन."

कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. त्या आजीचं नावसुद्धा मला माहीत नाही, पण रोज देवाबरोबर तिलाही हात जोडते. मी देवाकडे ह्यांचा आवाज मागत होते. त्यानं आवाज घेतला आणि माणूस ठेवला. काय ठेवायचं ते त्यालाच ठरवू द्यावं, एवढं आता कळतं.

परवा तिन्हीसांजेला मी स्वयंपाकघरातून मुलीला मोठ्यानं हाका मारत होते. ती ओठांवर बोट ठेवून दारात आली. "आई, श्श! बाबा इज प्रेइंग." आत हे देवापुढे बसले होते. घरात कसलाच आवाज नव्हता. मी गॅस बंद केला आणि ऐकत उभी राहिले.